अठरा सोमवार

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ५ ऑगस्ट २०२४ पासून २ डिसेंबरपर्यंत प्रत्येक सोमवारी मी पेन्सिलीनं एक बारीक टिंब देत गेले. एकूण अठरा टिंबं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दुधाचा हिशोब वाटायचा.

मला स्किझोफ्रेनिया आहे, गेली दहा वर्षं. क्लोझापिन नावाचं औषध सुरू केलं की पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. ती टिंबं त्याची. मला हे औषध सांगितलं त्या रात्री मी फोनवर खूप शोधलं. मराठीत, स्वतः घेतलेल्या माणसानं लिहिलेलं काही हाती लागलं नाही. म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, एका सीएच्या ऑफिसात हिशोब लिहिते. डोसाबद्दल तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

सुरुवात २०१४ च्या पावसाळ्यातली. एम.कॉम.चं दुसरं वर्ष होतं. दोन बायका माझ्याबद्दल बोलायला लागल्या. माझ्याशी नाही, माझ्याबद्दल, आणि त्याही हिंदीत. आमच्या घरात मराठी, माझी स्वप्नं मराठी, पण हे आवाज अस्सल इंदुरी हिंदीतले. ‘देख, अब उठेगी.’ ‘अब पानी पिएगी.’ मी पाणी प्यायचं थांबवायचे, तर ‘देख, डर गई.’ पहिले आठ महिने गंडेदोरे, एका महाराजांकडच्या गुरुवारच्या वाऱ्या, आणि ‘अभ्यासाचा ताण’ यात गेले. मग रिस्पेरिडोन, पुढे ओलान्झापिन ही औषधं. आवाज भिंतीपलीकडच्या टीव्हीइतके झाले, वजन चौदा किलो वाढलं, मी नोकरीला लागले. मे २०२४ मध्ये भिंत पुन्हा पातळ झाली. ऑफिसात कुणीतरी माझ्या डब्याला हात लावतं अशी खात्री वाटायला लागली. तीन आठवडे घरी बसले.

२२ जुलैला, सोमवारीच, इंदुरातल्या बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयाच्या ओपीडीत गेलो. लहानपणी फार मस्ती केली की आजी म्हणायची, ‘बाणगंगेला सोडून येऊ.’ त्यामुळे रामबागेतून रिक्षा सांगताना बाबांनी रुग्णालयाचं नाव घेतलं नाही. मरीमातेच्या चौकापर्यंत सांगितलं आणि पुढे आम्ही चालत गेलो. हिंदीवाल्यांचा सावन त्या दिवशी सुरू होत होता, महादेवाच्या देवळांसमोर रांगा होत्या. आत मात्र पर्चीची रांग होती, बाकं होती, बायकोच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेला एक दांडगा माणूस होता आणि बिस्किटं खाणारी एक मुलगी. कुणीही माझ्याकडे वळून बघितलं नाही. दहा वर्षांत इतकं निवांत मी कुठल्या रांगेत उभी राहिले नव्हते.

ओपीडीतल्या डॉक्टर मॅडमनी जुनी फाइल पहिल्या पानापासून वाचली. (फाइल तारीखवार लावून न्या. कुठलं औषध, किती डोस, किती आठवडे, हे एका कागदावर वेगळं लिहून न्या. माझा तो कागद बघून त्या म्हणाल्या, ‘अकाउंट्स में हो क्या?’) दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसात पुरेसे आठवडे घेऊनही आवाज राहत असतील तर क्लोझापिनचा विचार करतात. साधारण तिघांतल्या एकावर ही वेळ येते म्हणाल्या. मग त्यांनी धोका सांगितला. शंभरात एकापेक्षाही कमी लोकांच्या पांढऱ्या पेशी या औषधानं एकदम खाली येतात, आणि मग साधा घसाही जिवावर बेतू शकतो. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये असे रुग्ण दगावले, तेव्हा हे औषध बऱ्याच ठिकाणी मागे घेतलं गेलं. १९८८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, ज्यांना दुसऱ्या कशानंच फरक पडत नव्हता अशांनाही ते लागू पडलं, आणि रक्ततपासणीच्या अटीवर ते परत आलं. पेशी पडायच्याच असतील तर बहुतेक वेळा पहिल्या अठरा आठवड्यांत पडतात. त्यानंतर महिन्यातून एकदा तपासायचं.

बाबा म्हणाले, ‘विचार करून सांगतो.’ मॅडम म्हणाल्या, ‘आप नहीं, ये बताएँगी.’

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट समजली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपण आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ ठरवू शकतो. मला स्वतःला निर्णय घेता येईनासे झाले तर माझ्या बाजूनं उभं राहणारं माणूस. त्याला स्टॅम्पपेपर नको, वकील नको. साध्या कागदावर लिहून सही करायची. मी धाकट्या भावाचं नाव लिहिलं. बाबांना ते लागलं, आठवडाभर ते कमी बोलले. पण ‘उगाच कशाला कुणाला कळायला हवं’ हे वाक्य ज्या माणसाच्या तोंडात सतत असतं, त्याच्या हातात माझा आणीबाणीचा कागद मला नको होता.

‘उगाच कळायला नको’ याला त्या वर्षी खास कारणही होतं. भावाचं लग्न ठरत होतं, मुलगी देवासची. तोपर्यंत गप्प राहायचं असं घरात ठरलं. मीही मान हलवली होती, हे सांगून टाकते.

५ ऑगस्ट. पहिला सोमवार, आणि आपल्या मराठी श्रावणाचाही पहिला दिवस. इंदुरात श्रावण दोनदा येतो, आधी त्यांचा आणि पंधरा दिवसांनी आपला. सकाळी लॅबमध्ये सीबीसी (म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी), उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, वजन, कंबर. सीबीसीचे २५० रुपये, बाकीचे मिळून १,१००. सरकारी रुग्णालयातही रक्त तपासून मिळतं, पण मला ऑफिस गाठायचं असे, म्हणून खाजगी लॅब धरली. सीबीसीला उपाशी राहावं लागत नाही, ते फक्त साखर आणि कोलेस्टेरॉलला. आणि रिपोर्टात पांढऱ्या पेशींची एकूण संख्या आणि न्यूट्रोफिलची (पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार) टक्केवारी वेगवेगळी छापतात. डॉक्टरांना हवा असतो दोन्हींचा गुणाकार. माझा पहिला रिपोर्ट ६,२०० आणि ५८ टक्के, म्हणजे ३,५९६. औषध सुरू करायला तेव्हा एकूण ३,५०० आणि गुणाकार २,००० च्या वर लागत होता. रात्री पंचवीस मिलिग्रॅमची अर्धी गोळी घेतली आणि सकाळी नऊला आईनं हलवून उठवलं.

दुसऱ्या सोमवारी परतताना फाटकात समोरच्या काकू भेटल्या. आंघोळ करून सकाळी सातला बाहेर पडलेली, चेहरा ओढलेला, हातात पिशवी (पिशवीत रिपोर्ट). काकूंनी क्षणात जुळवलं. ‘सोळा सोमवार धरलेस का गं? छान केलंस. वेळेवर सगळं झालेलं बरं.’ बत्तीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी श्रावणात सोमवार करते म्हणजे कशासाठी, ते वेगळं विचारावं लागत नाही. मी तोंड उघडायच्या आत मागून आई म्हणाली, ‘हो, पहिल्या सोमवारपासून धरलेत.’

असं माझं व्रत सुरू झालं.

पहिल्या सोमवारी मी लॅबमधून निघून कोपऱ्यावर पोहे खाऊन ऑफिसला गेले होते. आता काकूंचे यजमान त्याच गाडीवर पोहे खातात हे लक्षात आलं. मग पोहे बंद. सोमवारी साबूदाण्याची खिचडी, डब्यात शेंगदाण्याचे लाडू, संध्याकाळी पुन्हा तीच खिचडी. इंदुरात खिचडीवर फराळी मिक्सचर आणि लिंबू मारून देतात, त्यामुळे तोंडाचे हाल झाले नाहीत. बाकीचे झाले, ते पुढे येईल. ऑफिसात दर सोमवारी तासभर उशीर होणार म्हणून ‘रक्त कमी आहे, तपासत असतात’ असं सांगितलं होतं. तर सरांच्या मिसेसनी डाळिंबं पाठवायला सुरुवात केली. म्हणजे सोमवारी व्रताचा उपास आणि बाकी सहा दिवस बीट-डाळिंब. एका आजाराची दोन खोटी खाती चालवत होते.

औषधाचं म्हणाल तर पहिला महिना जड गेला. रात्री तोंडातून इतकी लाळ गळायची की उशीवर पंचा घालून झोपायचे, आणि सकाळी तो बदलायचे. बसल्या जागी छाती धडधडायची. पहिल्या महिन्यात छातीत दुखलं, धाप लागली, ताप आला तर लगेच जायचं, थांबायचं नाही, हे मॅडमनी दोनदा सांगितलं होतं. पर्समध्ये मी एक चिठ्ठी ठेवली होती, ‘मी क्लोझापिन घेते. ताप किंवा घसादुखी असल्यास आधी सीबीसी करा.’ हिंदीत लिहिली, कारण रस्त्यात चक्कर आली तर उचलणारा माणूस बहुधा हिंदीच वाचेल.

गोळ्या आमच्या भागातल्या दुकानात मिळत नव्हत्या. दवा बाजारात गेले. काउंटरवरच्या पोरानं पर्ची वाचून आत मोठ्यानं विचारलं, ‘वो पागलों वाली सौ की है क्या?’ माझ्यामागे सहा-सात लोक उभे होते. मी पैसे दिले, बिल मागितलं, बिलावरची बॅच आणि तारीख तपासली आणि रिक्षात बसून रडले. पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या म्हाताऱ्या काकांनी ‘पानी ज़्यादा पीना बेटा’ एवढंच सांगितलं. पूर्ण डोसावर आल्यानंतर तेव्हा महिन्याला आठशेच्या आसपास लागत होते.

१७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. मिलच्या झांक्या, म्हणजे कापड गिरण्यांचे सजवलेले देखावे, रात्रभर निघतात. त्या गलक्यात माझे आवाज दरवर्षी चढायचे, म्हणून दहा वर्षं ती रात्र मी खोलीत, कानात कापूस घालून काढत होते. या वेळी मात्र झोपून गेले. सकाळी कळलं की झांक्या येऊन गेल्या. जरा वाईटही वाटलं.

त्याच आठवड्यात पोटाचं प्रकरण झालं. पाच दिवस साफ नाही. मला वाटलं, हे काय डॉक्टरांना सांगायचं! मॅडमनी मात्र वजनाच्याही आधी तेच विचारलं. या औषधानं आतडी मंदावतात, काही जणांच्या जिवावर बेतलंय, हसण्यावारी न्यायचं नाही. मग म्हणाल्या, खातेस काय?

‘सोमवारी साबूदाणा. दोन्ही वेळा.’

‘क्यों?’

‘शेजारच्या काकूंसाठी.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सगळी कहाणी सांगितली. त्या हसल्या नाहीत. पोटासाठी पातळ औषध लिहून दिलं आणि पर्चीच्या खाली, औषधांच्याच ओळीत, लिहिलं, ‘साबूदाना बंद.’ ती पर्ची आईला दाखवली. आई म्हणाली, ‘मग राजगिरा कर.’

नववा सोमवार, ३० सप्टेंबर. रिपोर्ट ३,४००, न्यूट्रोफिल ५२ टक्के. मी मोबाइलवर गुणाकार केला, १,७६८. पुन्हा केला. आकडे मला घाबरवत नाहीत, माझा धंदाच तो, पण हा आकडा बघून पाय गार पडले. मॅडम फोनवर शांत होत्या. एकूण ३,००० किंवा गुणाकार १,५०० च्या खाली गेलं तर औषध तिथल्या तिथे थांबवायचं असतं. मधल्या पट्ट्यात असेल तर औषध चालू ठेवून आठवड्यातून दोनदा तपासायचं. ‘गुरुवारी परत कर. घसा दुखतोय? ताप?’ नव्हता. पण रात्री दोनला मला घसा दुखतोय असं वाटायला लागलं, आणि तो खरंच दुखतोय की मला वाटतंय, हा प्रश्न माझ्यासारख्या बाईला सोपा नसतो. १४४१६ लावला, टेलि-मानसचा सरकारी नंबर, चोवीस तास चालतो. पलीकडच्या मुलीनं थर्मामीटर आहे का विचारलं, ताप मोजायला लावला, ९८ आला. शंभरच्या वर गेला तर रात्रीच इमर्जन्सीत जा, औषधाचं नाव आधी सांगा, म्हणाली. घरात थर्मामीटर ठेवाच, आपल्या मनाशी घातलेला वाद तो दोन मिनिटांत मिटवतो.

गुरुवारी ३ ऑक्टोबर, घटस्थापना. काकू फाटकात होत्याच. ‘आज गुरुवारी कुठे?’ मी म्हटलं, ‘देवीला.’ नवरात्रानं वाचवलं. रिपोर्ट ३,९००, गुणाकार २,१८४. पुढच्या सोमवारी ४,६००. पुन्हा आठवड्यातून एकदावर आलो.

आता ऑक्टोबर. कुठल्या दिवशी हे नेमकं सांगता येणार नाही, पण चकलीच्या भाजणीचं धान्य पाखडताना जाणवलं की सकाळपासून कुणी काही बोललेलं नाही. टीव्ही बंद केल्यावर पंख्याचा आवाज ऐकू यावा तसं झालं. मी सूप खाली ठेवून बसून राहिले. एकटं वाटलं, हे कबूल करते. दहा वर्षांची सोबत होती ती, वाईट का असेना. नंतर आवाज परत आले, अजून येतात अधूनमधून, पण मध्ये असे तासच्या तास असतात.

दिवाळीत एक चूक केली. वसुबारसेला, तेराव्या सोमवारी, लॅबमध्ये गेले पण गोळ्या मोजल्या नाहीत. दोन दिवसांनी पाकिटात चारच उरल्या आणि दुकानं बंद व्हायला लागली. क्लोझापिन अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त चुकलं तर जुन्या डोसावर परत जाता येत नाही, पुन्हा अर्ध्या गोळीपासून चढावं लागतं. भाऊ स्कूटर घेऊन चार दुकानं फिरला आणि घेऊन आला. दहा दिवसांचा साठा वेगळ्या डब्यात ठेवा, सणाच्या आधी तर नक्कीच.

१८ नोव्हेंबरला सोळावा सोमवार झाला. खोट्याची मुदत संपली. हे मी ऑगस्टमध्येच मोजायला हवं होतं. सोळा आणि अठरा यांच्यात दोनचा फरक आहे हे सीएच्या ऑफिसातल्या बाईला कळू नये?

२५ नोव्हेंबरला सकाळी मी चपला घालत होते आणि काकू तुपाचा डबा घेऊन दारात. ‘आज उद्यापन ना? चुरम्याला तूप माझ्याकडचं. घरचं आहे.’ आई आत वळली. कढई उगाचच घासायला लागली. माझ्याकडे दोन वाक्यं तयार होती, मध्ये एक सोमवार चुकला म्हणून एक वाढवला, वगैरे. पण डबा पितळेचा होता, काठोकाठ भरलेला, आणि काकूंनी तो पदरानं धरला होता.

मी म्हटलं, ‘काकू, व्रत नव्हतंच. मी दर सोमवारी रक्त तपासायला जाते. मला स्किझोफ्रेनिया आहे, त्याच्या औषधासाठी. बाणगंगेचे उपचार चालू आहेत.’

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘म्हणजे उपास केलेच नाहीस?’

‘केले. तुमच्यासाठी.’

‘महादेवाच्या नावानं खोटं बोललात तुम्ही. चार महिने!’ डबा घेऊन गेल्या.

आजाराचं त्यांनी काही विचारलं नाही. राग व्रताचा आला होता. मला तो रास्त वाटला, अजूनही वाटतो. आई मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. माझ्याकडे अकाउंट्स शिकायला दोन मुलं येतात. एकाच्या आईचा ‘क्लासची वेळ जमत नाही’ असा निरोप आला. दुसऱ्याची आई स्वतः आली, औषधाचं नाव विचारलं, झोप कशी लागते विचारलं आणि फी देऊन गेली. ऑफिसात मी स्वतःहून सरांना सांगितलं. ते म्हणाले, काम तर नीट चाललंय. डाळिंबं थांबली. भावाला म्हटलं, बघ, तुझं लग्न होईपर्यंत थांबायला हवं होतं मी. तो म्हणाला, ‘ताई, तिला मी ऑगस्टमध्येच सांगितलंय. त्या कागदावर सही केलीस त्याच आठवड्यात.’ तिच्या आईवडलांना त्या दोघांनी दिवाळीनंतर सांगितलं. तारीख अजून निघालेली नाही. कारण तेच की दुसरं, मी विचारत नाही.

२ डिसेंबर, अठरावा. ५,४००, गुणाकार ३,०७८. एकोणीस तपासण्यांचे, एक गुरुवारची धरून, ४,७५० रुपये झाले. डोस सकाळी पन्नास, रात्री अडीचशे. वजन दोन किलो वाढलेलं, साखर काठावर, त्यावर मॅडम नाराज. पुढची तपासणी चार आठवड्यांनी. कुठला वार सोयीचा, विचारलं. मी बुधवार सांगितला.

येताना कोपऱ्यावरच्या गाडीशी थांबले. काकूंचे यजमान होते, त्यांनी मान हलवली आणि बाकावर सरकून जागा दिली. पोहे घेतले, वर शेव, आणि साखर काठावर म्हणून जिलबी अर्धीच. पहिला घास तोंडात टाकला तोच मागून एक जण म्हणाली, ‘देख, खा रही है.’

खातच होते.